नागपुरात पृथ्वी जड होती

महिला बास्केटबॉल लीगच्या पंचवीस वर्षांतल्या सर्वश्रेष्ठ पंचवीस खेळाडूंमध्ये माझी निवड झाल्याचा फोन आला, तेव्हा मी मेथी निवडत होते. लीगच्या कार्यालयातला तो मुलगा माझ्याबद्दल इतक्या आदरानं आणि इतक्या भूतकाळात बोलायला लागला, की मला मध्येच सांगावं लागलं, "बाबा रे, मी आहे अजून." तो गडबडला. मग म्हणाला, "मॅडम, आपली प्रकाशाची प्रतिकृती उभी करून तो पहिला डंक आम्ही समारंभात जिवंत करणार आहोत."

ज्यांचा बास्केटबॉलशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. रिंग जमिनीपासून दहा फुटांवर असते. बाकीचे लोक बॉल खालून फेकतात. एखादी खेळाडू उंच उडी मारून हात थेट रिंगच्या वर नेते आणि बॉल आत कोंबते, त्याला डंक म्हणतात. पुरुष खेळाडू तो येता-जाता मारतात. आपल्या देशातल्या बाईनं व्यावसायिक लीगमध्ये मारलेला पहिला डंक माझा. शर्वरी लांजेवार, नागपूर वाघिणी, लीगचा पहिलाच मोसम. उड्डाणपुलाच्या खांबावर माझं ते चित्र अजून आहे. दर दोन वर्षांनी महापालिका ते रंगवून काढते आणि प्रत्येक वेळी माझं नाक थोडं वाढतं.

दुसऱ्या मोसमात माझा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, मी परत आले, आणखी सात वर्षं खेळले, पण डंक पुन्हा कधी जमला नाही. हात रिंगच्या कडेला लागायचा आणि मी खाली यायचे. लोक हळहळायचे, मीही हळहळायचे. शाळा-कॉलेजात भाषणाला बोलावलं की मी हमखास सांगायचे, गुडघ्यानं माझी उडी नेली. हे सांगताना माझा आवाज दर वेळी जड व्हायचा आणि तो खरोखर जड व्हायचा. त्या उडीसाठी मी फार रडलेय.

आता माझी मुलगी उर्वी त्याच लीगमध्ये खेळते. बावीस वर्षांची आहे. पासिंग तिच्यासारखं सध्या कोणाचंच नाही, हे मी आई म्हणून सांगत नाही, आई म्हणून मी तिला बऱ्याच गोष्टी सांगते आणि त्या तिला आवडत नाहीत. पण तिनं कितीही चांगला खेळ केला तरी समालोचक वाक्य तिथेच नेऊन संपवतात: "उर्वी भोयर उत्तम खेळते, पण आईची ती उडी..." ती माझ्यापेक्षा एक बोट उंच आहे. चार वर्षं ती डंकच्या मागे लागली होती. दोन-तीन इंच कमी पडायची. नडगीची हाडं दुखेपर्यंत उड्या मारायची.

आणि मग तिनं ऑपरेशन ठरवलं.

टाचेला पोटरीशी जोडणारी जी जाड दोरी असते, तिच्यात प्रयोगशाळेत वाढवलेले धागे विणतात. दोरी जास्त ताण साठवते आणि सोडते, उडी तीन-चार इंचांनी वाढते. लीगनं त्याला परवानगी दिली होती. बहुतेकींना ते मानवतं. काहींचं शरीर ते धागे नाकारतं, मग दोरी आवळत जाते आणि ती मुलगी आयुष्यभर लंगडते. अशी एक मुलगी आमच्या ओळखीतली होती. हैदराबादच्या इस्पितळात सोमवारची तारीख घेऊन झाल्यावर उर्वीनं आम्हाला सांगितलं.

"समारंभात तुझी प्रतिकृती डंक मारणार," ती म्हणाली. "आणि तिच्या बाजूला उभी राहून मी काय करू? टाळ्या वाजवू?"

मी तिला अडवायला काय काय केलं ते विचारू नका. आधी डॉक्टरच लबाड आहे म्हणाले. मग माझ्या बहिणीला फोनवर रडायला लावलं. शेवटी बीपी वाढल्याचं सोंग घेऊन सोफ्यावर आडवी झाले. उर्वीनं शांतपणे यंत्र आणलं, माझ्या दंडाला लावलं, आकडा मला दाखवला आणि निघून गेली. त्यानंतर माझ्या शब्दाला घरात किंमत उरली नाही.

प्रतिकृतीचं काम डॉ. तथागत खोब्रागडेकडे होतं. विद्यापीठामागच्या जुन्या बॅडमिंटन हॉलमध्ये त्यानं आपलं यंत्र मांडलं होतं. पोरगा तिशीचा, काटकुळा, बोलताना पायाचा अंगठा सतत हलवणारा. मी आत गेले तर आधी पायाच पडला.

"माझ्या आईनं मला खांद्यावर बसवून तुमचा डंक दाखवला होता," तो म्हणाला. "मी पाच वर्षांचा होतो. म्हणून मी ह्या कामात आलो, मॅडम."

मी म्हटलं, "मग आधी सांग, हे चालतं कसं? मला नुसतं बटण दाबून दाखवू नकोस."

त्यानं सांगितलं ते मला कळलं, म्हणजे कोणालाही कळेल. पहिल्या मोसमात आजच्यासारखे कॅमेरे नव्हते. पण प्रेक्षकांचे फोन होते. एकाच सामन्याची शंभर जणांनी शंभर जागांवरून काढलेली हलती, धूसर चित्रं त्यानं गोळा केली. बॉल जमिनीवर आपटल्याचा आवाज जवळच्या फोनला आधी पोचतो, लांबच्याला किंचित उशिरा. त्या उशिरावरून कोणता फोन कुठे होता ते कळतं. कुठून बघितलं ते कळलं की शंभर चपट्या चित्रांमधून एक भरीव माणूस उभा करता येतो. मग त्या माणसाच्या आत हाडं आणि स्नायू बसवायचे. पाय असा वाकला आणि इतक्या वेळात सरळ झाला, तर मांडीनं किती जोर लावला असेल, हा हिशेब एकाच रीतीनं सुटतो. शेवटी सगळ्या सामन्यांमधून यंत्र त्या खेळाडूच्या सवयी शिकतं. समोरची डावीकडे झुकली की ही काय करते, दमली की काय करते. मग तिला नव्या सामन्यात सोडलं तरी ती आपल्या मनानं खेळते.

"बघायचं?" त्यानं विचारलं.

छतावरचे दिवे लागले आणि कोर्टाच्या कडेनं चोवीस वर्षांची मी चालत आली. प्रकाशाचीच बनलेली, पण सावलीसकट. तिनं आधी मोजे वर ओढले, मग नाक खाजवलं. एवढी बारीक होते मी? आणि एवढी रागीट? तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. मी मात्र तिच्याकडे बघतच राहिले. मला तिची माया आली, तशी आपल्याला आपलीच कधी येत नाही.

"आता डंक दाखव," मी म्हटलं.

तथागतचा अंगठा जोरात हलायला लागला. "तिथेच एक अडचण आहे, मॅडम. बसा ना जरा."

मी बसले नाही.

"चित्रांमध्ये अंतर मोजायला कुठली तरी पट्टी लागते," तो म्हणाला. "आम्ही रिंगची उंची धरतो. जगात कुठेही जा, रिंग दहा फुटांवर असते. बाकी सगळ्या शहरांमध्ये ती पट्टी बरोबर बसली. नागपूरच्या पहिल्या मोसमात बसत नाही. रिंग दहा फूट धरली, तर हातातून सुटलेला प्रत्येक बॉल जरा जास्तच वेगानं खाली पडतो. प्रत्येक खेळाडू दोन-अडीच इंचांनी उंच निघते. तुम्ही, पाहुण्या, पंचसुद्धा. म्हणजे त्या एका मोसमात नागपुरात पृथ्वी जड झाली होती आणि माणसं वाढली होती."

"उन्हाळ्यात आम्हाला तसंच वाटतं," मी म्हटलं.

तो हसला नाही. "मग मी उलटं केलं. रिंग सोडून दिली आणि पडणारा बॉल हीच पट्टी धरली. कारण रिंग माणसं बसवतात, गुरुत्वाकर्षण कोणी बसवत नाही. लगेच सगळं जुळलं. माणसं आपापल्या उंचीवर आली. फक्त एक गोष्ट बदलली. तुमच्या कोर्टावरची रिंग जवळजवळ चार इंच खाली होती."

माझी पहिली प्रतिक्रिया उदात्त वगैरे मुळीच नव्हती. मी त्याच्यावर खेकसले. तुझं यंत्र भंगार आहे म्हटलं, फोनवरच्या धुरकट चित्रांवरून माझी उडी मोजायला निघालास म्हटलं. त्यानं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, "मॅडम, मला काय आनंद झाला असेल? मी खांद्यावर बसून पाहिलाय तो डंक."

मग त्यानं खरी गोष्ट सांगितली. लीगच्या समारंभ समितीला डंक हवाच होता, जाहिराती छापून झाल्या होत्या. "उडी चार इंचांनी वाढवून देता येते," तो खाली बघत म्हणाला. "एक आकडा बदलायचा. प्रतिकृती दहा फुटांवर डंक मारेल. कोणाला कळणार नाही. तुम्ही सांगाल तसं करतो."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मला मोह झाला. पंचवीस वर्षं ती उडी माझी होती. आणि मग सोमवार आठवला. माझी पोरगी चार इंचांसाठी पाय कापून घ्यायला निघाली होती, आणि ते चार इंच माझ्याकडेसुद्धा कधी नव्हते.

"आकड्याला हात लावू नकोस," मी म्हटलं आणि रिक्षा पकडली.

घरी नितेश, म्हणजे माझा नवरा, चहा करत होता. पहिल्या मोसमात तो आमच्या शारदा क्रीडा मंडळाचा चिटणीस होता. मोठं स्टेडियम तयार नव्हतं म्हणून लीगनं आमच्या मंडळाच्या पत्र्याच्या हॉलमध्ये सामने घ्यायचं ठरवलं होतं. खाली सिमेंट होतं. लीगला लाकडी फ्लोअर हवा होता. तो आठवड्याभरात टाकून घेण्याचा पराक्रम नितेशचा, आणि तो पराक्रम आमच्याकडे प्रत्येक पाहुण्याला ऐकावा लागतो.

"नितेश, फ्लोअर टाकला तेव्हा रिंगची उंची कोणी मोजली होती?"

"मी! दुसरं कोण मोजणार?" तो खूश झाला. "टेप घेऊन सोता शिडीवर चढलो होतो. दहा फूट म्हणजे दहा फूट. एक सूत इकडे नाही का तिकडे नाही."

"कधी मोजली?"

"आपलं ते... फ्लोअरचा ट्रक यायच्या आदल्या दिवशी."

चहा उतू गेला. त्यानं गॅस बंद केला नाही, मीच केला.

"किती जाड होता फ्लोअर?"

त्यानं हवेत बोटांनी दाखवायला सुरुवात केली. खाली रबराचे ठोकळे, त्यावर पट्ट्या, त्यावर प्लाय, त्यावर लाकूड. एकेक थर ठेवताना त्याची बोटं एकमेकांपासून लांब लांब जात होती आणि चेहरा उतरत होता. शेवटी त्या दोन बोटांमधल्या जागेकडे बघत तो स्टुलावर बसला.

"पोल सिमेंटमध्ये गाडलेले होते," तो म्हणाला. "ते तर तिथेच राहिले ना बाप्पा."

"आणि पंच?"

"पंचानं विचारलं होतं, रिंग मोजली का? मी म्हटलं, हाव, मीच मोजली. मग त्यानं चहा मागितला."

एरवी मी त्याला सोलून काढला असता. पण त्याचं तोंड बघवत नव्हतं. "शर्वरी, तुझा डंक..." तो म्हणाला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. डोळे त्याचे भरले होते आणि मला, का कोण जाणे, हसू येत होतं.

उर्वी खोलीत बॅग भरत होती. मी सगळं सांगितलं. तिनं घडी करत असलेला टी-शर्ट खाली ठेवला नाही.

"बीपी झालं, मावशी झाली. आता भौतिकशास्त्र?"

"उर्वी, खरं सांगून राहिलाय तुझा बाप," नितेश दारातून म्हणाला. "फ्लोअर मीच टाकला होता."

"बाबा, तू पण? आईनं शिकवलं तुले असं बोलायला?"

माझ्या कुठल्याच सोंगाला बळी पडायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, तिचं चुकलंही नव्हतं. मी म्हटलं, "उद्या तथागतच्या हॉलवर चल. स्वतःच्या डोळ्यांनी बघ. त्यानंतरही तुला जायचं असेल, तर मी एक शब्द बोलणार नाही. तुझी बॅग उचलून हैदराबादला येईन."

तिनं मला नीट न्याहाळलं. "एक शब्द नाही?"

"नाही."

सौदा महागाचा होता. मी हरले असते तर मला खरंच तिच्याबरोबर जावं लागलं असतं, आणि इस्पितळाच्या बाकावर तोंड शिवून बसावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तथागतनं तिला तेच सगळं समजावलं. ती ऐकत होती, हाताची घडी घालून. त्याचं संपल्यावर म्हणाली, "उडी चार इंच वाढवता येते म्हणालास ना? मग कमी पण करता येत असेल. माझ्या आईनं सांगितलं आणि तू केली."

 मुद्दा बिनतोड होता.  यंत्रानं खरं सांगितलं होतं, पण यंत्र कोणाचं, आणि ते माझ्या बाजूनं बोलतंय, एवढ्यानंच तिच्या लेखी ते खोटं ठरत होतं.

"यंत्र राहू द्या," मग तीच म्हणाली. "मला मूळ चित्रं दाखव. कोणी हात न लावलेली. डंकच्याच सामन्याची. पण आईची नको, ती मी हजारदा पाहिली आहेत. समोरच्या संघाची दाखव."

पडद्यावर तो जुना हॉल आला. पत्रे, बांबूला बांधलेले पंखे, माणसांवर माणसं. केरळचा संघ. उर्वी पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. एकीनं लांबून बॉल मारला, तो रिंगच्या मागच्या कडेवर आदळून बाहेर आला. दुसरीनं मारला, मागची कड. तिसरीचा फ्री थ्रो, म्हणजे आडवं कोणी नसताना रेषेवरून निवांत मारलेला बॉल, पुन्हा मागची कड.

"ही तर त्या काळातली सगळ्यात मोठी शूटर होती ना?" उर्वीनं मला विचारलं.

"हो. आमच्याकडे आली की तिचे नेम बिघडायचे. आम्ही म्हणायचो, नागपूरचं ऊन बाधलं."

"आणि तुम्ही बाहेर खेळायला जायच्या तेव्हा?"

मी आठवून बघितलं. "आमचे बॉल कमी पडायचे. रिंगच्या अलीकडेच. कोच म्हणायचे, प्रवासाचा थकवा."

 उर्वीनं तथागतला तो फ्री थ्रो परत दाखवायला लावला. आणखी एकदा. शूटरचा हात कोपरापासून मनगटापर्यंत कसा सुटतो ते ती स्वतःच्या हातानं करून बघत होती. तिचं रोजचं काम ते. हजारो वेळा केलेल्या गोष्टीत हात चुकत नाही, आणि एका संघातल्या सगळ्यांचे हात एकाच बाजूला तर चुकतच नाहीत.

"हिनं लांब नाही मारला," ती शेवटी म्हणाली. "बरोबरच मारलाय. रिंगच खाली होती."

 नितेश कोपऱ्यात खुर्चीवर अंग चोरून बसला होता.

"आता आईला आण," उर्वी म्हणाली. "दहा फुटांवर."

चोवीस वर्षांची मी आली, मोजे ओढले, नाक खाजवलं, धावली. तीच धाव, तीच शेवटची दोन पावलं, खांबावरच्या चित्रातला तोच हात. बॉल रिंगच्या पुढच्या कडेवर थडकला आणि ती मोकळ्या हातानं खाली आली. चिडून तिनं मांडीवर मूठ मारली. तशी मूठ उर्वी मारते. मला वाटायचं, ही सवय तिला बापाकडून आली.

उर्वी तिच्या बाजूला जाऊन उभी राहिली. तथागतनं दोघींना एकदम धावायला लावलं. दोघी उडाल्या. उर्वीचा हात वर होता. फार नाही, दोन बोटं. पण वर होता, आणि यंत्र बघायची गरज नव्हती, मला दिसत होतं.

ती उतरली आणि तशीच कोर्टावर बसली. मांडी घालून. बाजूची प्रकाशाची मी लेस बांधत होती, जणू काही झालंच नाही.

"आई, तू एवढीच उडायची?"

"एवढीच गं."

"मग इतकी वर्षं मी कोणाशी खेळून राहिली होती?"

 कोपऱ्यातून नितेशचा बारीक आवाज आला, "माझ्या फ्लोअरशी, बेटा."

आधी ती हसली. असं हसली की तिला ठसका लागला, तथागत पाणी आणायला धावला. मग ती रडली. मग पाणी पिऊन तिनं फोन काढला, इस्पितळाला लावला आणि सोमवारची वेळ रद्द करा म्हणाली. पलीकडून कारण विचारलं असावं. "गरज नाही," तिनं सांगितलं. आणि मग, "नाही, दुसरी तारीख पण नको."

 मी बाकावर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा कसलंही सोंग न करता मोठ्यानं रडले. सुटका झाली होती, तिची झाली होती, आणि माझीही. चोवीस वर्षं मी या गुडघ्याला शिव्या देत होते. त्यानं माझी उडी नेली म्हणून भाषणं दिली होती. बिचाऱ्यानं काहीच नेलं नव्हतं. नेण्यासारखं तिथे काही नव्हतंच. मी गुडघ्यावरून हात फिरवला आणि त्याची माफी मागावीशी वाटली.

समितीला मी त्याच दिवशी कळवलं. अध्यक्षांचा फोन आला. "मॅडम, डंक नसेल तर सन्मान कशाचा करायचा?" मी म्हटलं, नका करू. पंचवीसच्या चोवीस करा, आकाश कोसळणार नाही. त्यांनी तथागतलाही गाठलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मी आकडा बदलणार नाही म्हणून सांगितलं." पण तेवढ्यावर तो थांबला नाही. त्यानं माझे सगळे सामने यंत्रात घातले, माझ्या जागी एक साधारण खेळाडू ठेवली आणि ते पुन्हा पुन्हा खेळवून पाहिले. पहिला मोसमही, रिंग खरी जिथे होती तिथेच धरून. मी नसले की बाकीच्या चौघींचे नेम बिघडत होते. कारण त्या बॉल मारायच्या तेव्हा त्यांच्या अंगावर येणाऱ्या मुलीच्या वाटेत मी नेमकी जाऊन उभी राहायचे. नियमात बसेल अशी, भिंतीसारखी. हे काम कोणी चित्रात काढत नाही. कागदावर कुठे त्याची नोंदही होत नाही. तथागतनं हिशेब समितीपुढे ठेवला आणि माझं नाव यादीत राहिलं. मला आनंद झाला, नाही कशाला म्हणू? फार झाला.

समारंभाला स्टेडियम भरलं होतं. निवेदिकेनं फ्लोअरची गोष्ट सगळ्यांना सांगितली. लोक इतके हसले की नितेश खुर्चीत घसरत घसरत जवळजवळ खालीच गेला, आणि मागच्या ओळीतल्या कोणीतरी त्याला "टेप आणला का काका?" विचारलं. खांबावरच्या चित्राचं काय करायचं हे महापालिका ठरवेल. मला आता ते आवडतं, नाकासकट.

मग कार्यक्रमात नसलेली गोष्ट झाली. निदान मला सांगितलेली नव्हती. उर्वी साध्या गणवेशात कोर्टावर आली. प्रकाशाचा बॉल हाताला लागावा म्हणून हातात पातळ हातमोजे, अंगात जाकीट. समोरची प्रकाशाची खेळाडू आपटली की ते जाकीट तेवढाच धक्का देतं. तिकडून चोवीस वर्षांची मी आली आणि तिनं मोजे वर ओढले. एकास एक. आधी पाच बास्केट करेल ती जिंकली. रिंग दहा फुटांवर, आणि ती लीगच्या तीन माणसांनी मोजली होती, फ्लोअरवरून.

ती मी खरंच चांगली खेळत होते हो. पहिले दोन बास्केट माझे. अंगावर घेऊन, रेटून. उर्वी मागे सरकली, केस बांधले आणि मग तिचा खेळ सुरू झाला. डावीकडे दाखवून उजवीकडे, थांबून, लांबून. उडी एकदाही नाही. बॉल तिच्या हातातून निघाला की मला आधीच कळायचं, गेला आत. चार-चार झाल्यावर प्रकाशाची मी चिडली आणि चिडल्यावर मी जे करायचे तेच तिनं केलं. रिंगकडे धावली, उडाली, डंकसाठी हात वर नेला. उर्वी तिच्याबरोबर उडाली आणि वरच्या वर तो बॉल काढून घेतला. खाली आली, दोन पावलं मागे गेली आणि निवांत नेम धरला.

बॉल आत गेला. स्टेडियम उठलं. नितेश मला विचारत होता, "आता आपण कोणाच्या बाजूनं ओरडायचं?"

फलकावर मोठ्या अक्षरांत शर्वरी लांजेवार पराभूत असं झळकत होतं. ते वाचून मी दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शिट्टी मारली, की पुढच्या रांगेतल्या अध्यक्षांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.